चादरीवरची रांग

दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या भिंगरीने आईला पहिला प्रश्न काय विचारावा? तब्येत कशी आहे, झोप लागते का, एकटीला करमतं का, विचारण्यासारखं पुष्कळ होतं. पण बॅग अजून खांद्यावरच, आणि बाईसाहेब विचारतात, "आई, रविवारी परतीची पहिली बस कधी सुटते गं?"

"सकाळी," आई म्हणाली. "चहा टाकू?"

भिंगरीने चहा घेतला, आंघोळ केली, जेवली आणि प्रवासाने अंग आंबलं होतं म्हणून जी आडवी झाली ती उन्हं उतरायला लागल्यावरच उठली.

भिंगरी हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. चाळिशी उलटलेली बाई, केसांत पांढऱ्याची सुरुवात, ऑफिसात सगळे मॅडम मॅडम करतात. पण लहानपणी बाबांच्या दुकानात शिलाई मशीनचं मोठं चाक फिरवता फिरवता ती स्वतःच गरगर फिरायला लागायची, म्हणून बाबांनी ते नाव ठेवलं ते कायमचं चिकटलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी, खिडकीखाली लांबलचक टेबल, भिंतीवर फळ्या आणि फळ्यांवर दुरुस्तीला आलेली मशीनं. मशीनच्या तेलाचा वास त्या खोलीत इतका मुरलेला की शाळेत भिंगरीच्या दप्तरालाही तो यायचा. मुली नाक मुरडायच्या. तिला मात्र त्या वासाशिवाय अभ्यास सुचत नसे.

आता बाबांची कामाची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. मशीन उघडायचं झालं की बाबा आधी टेबलावर एक पांढरी चादर अंथरायचे. स्वच्छ, घडीच्या रेघा दिसणारी. मग एकेक भाग काढायचा आणि चादरीवर डावीकडून उजवीकडे मांडत जायचा, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने. ज्या भागाचा जो स्क्रू, तो त्याच्याच शेजारी. सगळं उघडून झालं की चादरीवर ही लांब रांग. जोडताना उलट यायचं, सगळ्यात शेवटी काढलेलं सगळ्यात आधी बसवायचं. विचार करायला नको, आठवायला नको, रांगच सांगते. त्या रांगेला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा एक पाहुणे गप्पांच्या भरात त्यातली एक चकती उचलून बोटावर फिरवायला लागले, तर बाबांसारखा शांत माणूस असा काही ओरडला की पाहुण्यांचा चहा तसाच राहिला.

आणि या पद्धतीला एक शब्द होता. जर्मन शब्द. प्लानफॉल.

तरुणपणी बाबा शिलाई मशीनच्या कारखान्यात होते. तिथला फोरमन म्हातारा जर्मन, बोलायला कंजूष. तो जोडणाऱ्यांच्या पाठीमागून हात मागे बांधून फिरायचा. काम चुकलं तर नुसता खाकरायचा. बरं असलं तर काहीच नाही, पुढे. पण एखाद्याची मांडणी मनात भरली तर तिथे थांबायचा, चादरीवरची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचा आणि एकच शब्द म्हणायचा, प्लानफॉल. बाबांच्या वाट्याला तो एकदाच आला. कारखाना बंद पडला, फोरमन आपल्या देशात परत गेला, बाबांनी घरीच दुकान टाकलं, पण तो शब्द त्यांनी एखाद्या पदकासारखा जपून ठेवला.

जपून म्हणजे पेटीत नव्हे हं. दिवसातून दहा वेळा वापरून. भिंगरीने दप्तर नीट भरलं, प्लानफॉल. समोरच्या रंगाऱ्याने भिंत वरून खाली रंगवत आणली, प्लानफॉल. मांजरीने पिल्लं एकेक करून माळ्यावर नेली, "बघ बघ, याला म्हणतात प्लानफॉल!" सगळ्यांना वाटून झाला तो शब्द. एक आई तेवढी राहिली.

आईचं काम म्हणजे आनंदीआनंद होता खरा. ती झाडायला घ्यायची एक खोली, अर्ध्यात दुसरीतली खिडकी पुसायला लागायची, तेवढ्यात तिला कपाटातले कपडे उन्हात टाकायचं आठवायचं, आणि संध्याकाळी बघावं तर तीन खोल्यांत तीन केरसुण्या. घर मात्र लख्ख असायचं, हेही सांगायला हवं. किल्ल्या सापडायच्या नाहीत. भाजी शिजून उतरवल्यावर मीठ आठवायचं. बाबा हसून म्हणायचे, "तुझ्या आईत सगळे गुण आहेत, फक्त ती प्लानफॉल नाही." आईही कमी नव्हती. "ते तुमचं जर्मन तुम्हालाच लखलाभ," म्हणून ती भांडी जरा जास्तच आदळायची. तिने तो शब्द जन्मात कधी तोंडातून काढला नाही.

त्या एका शब्दापायी भिंगरी जर्मन शिकायला गेली. पुढे तेच पोटापाण्याचं झालं. मोठ्या शहरात ऑफिस, जर्मन यंत्रांची माहितीपत्रकं आपल्या भाषेत आणायची, पाना कुठे लावायचा नि झाकण कसं उघडायचं ते लिहायचं. शिकत असताना पहिल्या सुट्टीत ती घरी आली तीच मोठ्या ऐटीत.

"बाबा, तुम्ही तो शब्द चुकीचा वापरता."

"अस्सं?"

"आमच्या बाईंनी सांगितलं. तो माणसाला लावत नाहीत. अमुक माणूस प्लानफॉल आहे, असं जर्मन लोक म्हणत नाहीत. करण्याला लावतात. म्हणजे पुढचं पाऊल डोळ्यांपुढे ठेवून, सगळं आधी ठरवून, पायरीपायरीने केलेलं काम. नुसतं नीटनेटकं असून भागत नाही, त्यामागे काहीतरी साधायचं असावं लागतं. आणि गाडी ठरल्या वेळेला सुटली तर त्याला वेगळाच शब्द आहे, प्लानमेसिश. तुम्ही परवा दूधवाल्याला म्हणालात ना, तिथे तो हवा होता."

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला. "तुझ्या बाईंचं बरोबर असेल. पण मला फोरमनने अर्थ सांगितला नव्हता, मी आपला बघून काढला. मला विचारशील तर प्लानफॉल म्हणजे, मी या स्टुलावरून अर्ध्यात उठलो तरी पुढे जो बसेल त्याला मला काही विचारावं लागू नये." मग आत बघून त्यांनी आवाज चढवला. "ऐकलंस का गं? तो शब्द माणसाला लावतच नाहीत म्हणे. सुटलीस तू!"

आतून भांडी आदळली. भिंगरीला अजूनही तो आवाज कानात तसाच्या तसा ऐकू यायचा, आणि ऑफिसात बसल्या बसल्या हसू यायचं.

आणि झालंही अगदी तसंच. बाबा अर्ध्यात उठले. गल्लीतल्या टेलरबाईंचं जुनं जर्मन मशीन उघडलेलं होतं, तंबूचं जाड कापडही लोण्यासारखं शिवणारं, त्यांना त्यांच्या आईकडून आलेलं. रांग पुरती मांडून झाली होती. बाबांच्या छातीत कळ आली. जाताना ते आईला एवढंच म्हणाले, "चादरीला हात लावू नको, मी येतोच." ते हॉस्पिटलातून परत आले नाहीत.

त्या दिवसांत भिंगरी घरी होती. टेबलापाशी उभी राहून तिने ती रांग पाहिली आणि तिला रडू आवरेना. मग तिने रांगेवर दुसरं एक पातळ कापड हलकेच पसरलं आणि आईला बजावलं, "कुणी हात लावायचा नाही. मी सुट्टी काढून येईन आणि जोडीन. बाबांच्या दुकानातून मशीन कधी पोत्यात परत गेलेलं नाही, हेही जाणार नाही." कारण बाकीची मशीनं ज्यांची त्यांना देऊन झाली होती आणि टेलरबाई भिडस्तपणे म्हणाल्या होत्या, "नाहीच जमलं तर पोत्यात भरून द्या हो, मी काही म्हणणार नाही." त्या पोत्याने भिंगरीच्या जिवाला घोर लावला होता.

सुट्टी मिळायला बरेच महिने गेले. मिळाली ती गुरुवार ते रविवार. तिचा हिशेब सरळ होता. रांग आहे, एक दुपार पुरे. मग टेलरबाईंना बोलवायचं, मशीन चालवून दाखवायचं, रविवारची बस धरायची.

तर अशी ही भिंगरी झोपेतून उठली, तोंडावर पाणी मारलं आणि बाह्या सरसावत दुकानात गेली.

टेबल रिकामं होतं. म्हणजे रिकामं नव्हतं, त्याहून वाईट होतं. टेबलावर डबे होते. एका डब्यात सगळे स्क्रू. एकात सगळे स्प्रिंग. एका ताटात गोल ते सगळं, दुसऱ्या ताटात लांबट ते सगळं. रॉकेलने धुऊन, पुसून, चकचकीत. आणि खिडकीबाहेर दोरीवर चादर. पाणी ठिबकत होतं तिच्यातून.

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई! हे काय करून ठेवलंस?"

आई पदराला हात पुसत आली. "अगं, धूळ बसली होती. तू येणार म्हणून आवरलं जरा. बघ, मोठ्यात मोठं, लहानात लहान. तुमच्यासारखं नाही जमत, पण लावलंय की नीट."

 भिंगरी धावत दोरीपाशी गेली. चादर उजेडाला धरून तिने तेलाचे डाग शोधले, निदान कुठे काय होतं ते तरी कळेल. पण आईच्या हातची धुलाई ती. एक डाग शिल्लक असेल तर शपथ. भिंगरी ओली चादर तशीच तोंडाला लावून उभी राहिली. बाबांनी हाताने मांडलेली शेवटची गोष्ट गेली, एवढंच तिच्या डोक्यात घण घालत होतं. आईला काही बोलावं तर तिचं तोंड इतकं केविलवाणं झालं होतं की तिने चादर पुन्हा दोरीवर टाकली.

"असू दे," ती शेवटी म्हणाली. "बसू आपण. जमेल."

जमेल म्हणणं सोपं असतं. आयुष्यभर तिने लिहिलं होतं, भाग क्रमांक पाच भाग क्रमांक सहामध्ये सरकवा. इथे पाच कुठला आणि सहा कुठला? त्या मशीनचं माहितीपत्रक असलंच तर त्या फोरमनच्याही जन्माआधीचं असेल. पहिल्या दिवशी तिने सुईचा दांडा बसवला, मग कळलं की त्याच्या आत आधी काहीतरी जायला हवं, की पुन्हा काढा. दुसऱ्या दिवशी दात्यांची पट्टी, जी कापड पुढे ढकलते ती, बसली एकदाची, पण चाक फिरेना. कानाच्या आकाराचा एक तुकडा होता, त्याने तर नाकी नऊ आणले. शनिवारी तिने ऑफिसात फोन केला, दोन दिवस आणखी. मग म्हणाली, हा आठवडा. मग तिकडून फोनच येईनासा झाला.

आई शेजारी स्टूल घेऊन बसायची. भिंगरी मागेल ते डब्यातून शोधून द्यायची, आणि गंमत म्हणजे चटकन द्यायची. किल्ल्या न सापडणारी ही बाई स्क्रूंच्या ढिगातून हवा तो स्क्रू बरोब्बर उचलायची. भिंगरीचं तिकडे लक्ष गेलं नाही. तिचं लक्ष गप्पांत लागायला लागलं होतं. हातात काम असलं की आई बोलायची, आणि असं काय काय सांगायची जे भिंगरीने कधी ऐकलंच नव्हतं. बाबा लग्नानंतर पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरले तेव्हा त्यांनी डाळ निवडायला चादर मागितली होती. भिंगरी तापाने फणफणली तेव्हा याच टेबलावर बसून ते रात्रभर एकच मशीन उघडत होते आणि पुन्हा जोडत होते, काही बिघडलेलं नसताना. दोघी हसायच्या. दुपारी खिडकीतून ऊन टेबलावर यायचं, तेल तापायचं, आणि खोलीत पुन्हा पहिल्यासारखा वास भरायचा. भिंगरीला वाटायचं आपण दप्तर टाकून आत्ताच शाळेतून आलोय. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

हळूहळू मशीन उभं राहिलं. चाक फिरायला लागलं, सुई वरखाली व्हायला लागली. दोन्ही ताटं रिकामी झाली. डबे रिकामे झाले. आणि धाग्याचा ताण धरतो तो एवढासा स्प्रिंग मिळेना. त्याच्याशिवाय टाका पडतच नाही. टेबलाखाली शोधलं, फटीत शोधलं, केर पुन्हा चाळून बघितला. आईही शोधत होती, म्हणजे खोलीभर फिरत होती. भिंगरीने हातपाय गाळले. ती बाबांच्या स्टुलावर मटकन बसली आणि तिला रडूच कोसळलं.

"गेलं, आई. एवढं सगळं करून शेवटी पोत्यातच जाणार ते. बाबांचं एक काम माझ्याच्याने पुरं झालं नाही गं."

आई टेबलापाशी आली. मग तिने चष्म्याचं घर उघडलं, आतला फडक्याचा तुकडा उलगडला आणि स्प्रिंग टेबलावर ठेवला.

"घे. रडू नको."

"हा कुठे होता?"

"माझ्याकडेच."

"तुझ्याकडे म्हणजे? चुकून गेला?"

"चुकून कसा जाईल? मीच ठेवला." आई टेबलाची कड बोटाने पुसत होती. धूळ नसताना पुसत होती. "बसला की तू निघणार ना."

 पहिल्या दिवशीची दोरीवरची ती चादर भिंगरीच्या डोळ्यांपुढे आली. ठिबकत होती चादर. ती येण्याआधी आवरलं असतं तर ती वाळून, घडी होऊन कपाटात गेली असती.

"आई, ती रांग तू कधी मोडलीस? खरं सांग."

"तू झोपलीस तेव्हा."

"धूळ बसली म्हणून?"

"धूळ कशी बसेल? रोज कापड उचलून फुंकर मारत होते मी." आईने टेबलाच्या डाव्या टोकाला हात ठेवला. "रोज सकाळी चहा घेऊन इथे बसायचे. वाटायचं, हे अर्ध्यात उठून आत गेलेत, येतील नि बसतील. रांग तर मला पाठ झालीय. डावीकडून ते गोल झाकण, त्याचे स्क्रू, एक आखूड नि एक लांब. मग ती वाकडी पट्टी. मग तो कानासारखा तुकडा, तू उलटा बसवत होतीस तो. मग..."

"तू बघत होतीस! आणि बोलली नाहीस?"

"जीव तुटत होता गं. पण नाही बोलले." तिने नाक पुसलं. "मी इतके महिने वाट बघितली. तू आलीस आणि दारातच बसचं विचारलंस. रांग तशीच असती तर तू एका दुपारीत जोडून मोकळी झाली असतीस. मशीन गेलं असतं, तू गेली असतीस, मग मी या खोलीत काय बघत बसले असते? तू घोरायला लागलीस तशी मी रॉकेल काढलं. हा स्प्रिंग तेवढा आधीच बाजूला ठेवला. म्हटलं, सगळं जोडून झालं तरी एक दिवस तरी आणखी मिळेल. हात लावू नको म्हणून गेले होते हे, आणि मी लावला. हे असते तर घर डोक्यावर घेतलं असतं."

भिंगरीला आईचा राग यायला हवा होता. आला नाही. स्वतःचा मात्र आला, सणसणीत. ती उठली, आईला धरून स्टुलावर बसवलं, बाबांच्याच, आणि स्प्रिंग तिच्या तळहातावर ठेवला.

"तूच बसव. कुठे ते तुला माहीत आहे."

आईने चष्मा नीट केला आणि स्प्रिंग जागच्या जागी बसवला, एका फटक्यात. भिंगरीने धागा ओवला. चादरीचीच एक कड सुईखाली धरून चाक फिरवलं. टपटप टपटप टाके पडत गेले, सरळ, घट्ट. दोघीही ते टाके बघत राहिल्या.

"टेलरबाईंना निरोप धाडते," आई म्हणाली आणि उठायला लागली. "बसही बघायला हवी तुझी."

"बस राहू दे. आई, वरच्या फळीवरचं आपलं हिरवं मशीन, ते बिघडलंय ना?"

"छे, उत्तम चालतंय."

"मग पुढच्या महिन्यात बिघडव. मी येते दुरुस्तीला."

आई हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. भिंगरी तिच्यासमोर टेबलाला टेकून उभी राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने आईचं काम मनात पुन्हा बघितलं. रॉकेल, डबे, ताटं, ती केविलवाणी मुद्रा, दुपारच्या गप्पा, चष्म्याच्या घरातला स्प्रिंग. एकसुद्धा पायरी चुकली नव्हती.

"आई," ती म्हणाली, "प्लानफॉल."

 "तुमचं जर्मन तुम्हालाच" असं काहीतरी आई म्हणेल असं भिंगरीला वाटलं. पण तिने टेबलावरची चादर ओढून घेतली, मांडीवर तिची घडी घालायला लागली, आणि मान वर न करता म्हणाली, "आणखी एकदा म्हण."